पंजाबभाऊच्या समोरचं दुकान

धाडमध्ये पत्रिका छापणारी दोन दुकानं चालणार नाहीत, हे मला पहिल्याच लग्नसराईत कळलं. एक चालेल. कोणतं, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर रोज रस्त्याच्या पलीकडे एका लाकडी बाकावर दाटीवाटीनं बसलेलं असायचं. तो बाक पंजाबभाऊंच्या दुकानाचा. बाकाचं तोंड त्यांच्या दाराकडे होतं, त्यामुळे मला दिवसभर फक्त गिऱ्हाइकांच्या पाठी दिसायच्या.

मी पंजाबभाऊंवर जळत होतो. हे मऊ करून सांगण्यात काही अर्थ नाही. सकाळी शटर वर करताना जळायचो, दुपारी डबा खाताना जळायचो, आणि संध्याकाळी ते एखाद्या गिऱ्हाइकाला जीपपर्यंत पोचवायला निघाले की माझ्या अंगाचा अगदी तिळपापड व्हायचा. पत्रिका छापायला आलेल्या माणसाला कुणी जीपपर्यंत पोचवायला जातं का? वर जीपवाल्याला बजावून सांगायचे, "याले खिडकीपाशी बसव रे, त्याले गाडी लागते." आता ह्यांना कसं कळलं की त्याला गाडी लागते? मी त्याच माणसाला महिन्यापूर्वी पावतीपुस्तकं छापून दिली होती. मला त्याचं आडनावसुद्धा आठवत नव्हतं.

बरं, माझ्यात कमी काय होतं? मी बुलडाण्याला राहून कॉम्प्युटरचा रीतसर कोर्स केलेला. दहाही बोटांनी टाईप करायचो. दुकानात पंखा, गिऱ्हाइकांना नव्या खुर्च्या, भिंतीवर पत्रिकांचे नमुने काचेत लावलेले. पंजाबभाऊंचं अर्धं आयुष्य खिळ्यांच्या छापखान्यात गेलं होतं. तो बंद पडला म्हणून चाळिशी उलटल्यावर ते कॉम्प्युटरकडे वळले. एका बोटानं टाईप करत. बोट हवेत धरून अक्षर शोधायचं, सापडलं की "हे घे" म्हणून दाबायचं, आणि दाबल्यावर मान वर करून ते पडद्यावर खरंच उमटलं का ते पाहायचं. एका पत्रिकेला त्यांना अख्खी दुपार लागे. मशीनवर धुतलेला पंचा घातलेला असे, आणि सकाळी ते मशीनला उदबत्ती ओवाळून मगच बटण दाबत. मागच्या पंख्याच्या जाळीत उदबत्तीची राख साचली होती. मी एकदा म्हटलं, "पंजाबभाऊ, राखेनं मशीन खराब होईल." तर म्हणाले, "राखेनं नाई व्हत. नजरेनं व्हते." आणि माझ्याकडे बघून हसले. ते गमतीनं हसले असतील. मला मात्र ते दिवसभर पुरलं.

पत्रिका करायची त्यांची तऱ्हा वेगळीच होती. माणूस आला की आधी बाकावर बसवायचं, चहा सांगायचा, आणि मग पहिला प्रश्न, "मामा कोण?" नवरीचं नाव नंतर, नवरदेवाचं नाव नंतर, तारीख तर सगळ्यात शेवटी. मी याचं कारण विचारलं होतं. "देवाचं नाव खाली-वर झालं तं देव काई रुसत नाई बे," ते म्हणाले. "मामा रुसते."

मामापासून सुरू झालेली गोष्ट मग आत्या, मोठे चुलते, वाटण्या, बोलणं बंद असलेले भाऊ अशी फिरत फिरत दुपार उलटेपर्यंत चालायची. पंजाबभाऊंचं बोट तेवढा वेळ हवेतच असे. दोन भाऊ भांडलेले, पत्रिकेत पहिलं नाव कुणाचं यावर अडून बसलेले. पंजाबभाऊंनी दोघांची नावं एकाच ओळीत घातली. थोरल्याला सांगितलं, "वाचणारा डावीकडून वाचते, म्हणजे तुमी पयले." धाकट्याला सांगितलं, "उजवी बाजू मानाची असते, म्हणून तुमाले तिथं बसवलं." दोघंही खूश. पुढे लग्नात ते एकमेकांशी बोलले म्हणे. माझ्याकडे असले भाऊ आले की मी सांगायचो, "तुमचं ठरलं की या." ते ठरवून कुठे जात, हे मला समोर दिसतच असे.

त्यांची एक खोड अशी की मशीनमध्ये त्यांची फाईल एकच. नाव 'लग्न'. नवी पत्रिका आली की तीच फाईल उघडायची, मागच्या लोकांची नावं खोडायची आणि तिथे नव्यांची घालायची. छापून झालं की पुन्हा तेच. प्रत्येकाची वेगळी फाईल ठेवा, असं मी त्यांना कितीदा सांगितलं. "काऊन? लगन झालं ना त्याचं? पुन्हा करते का?" हे त्यांचं उत्तर.

मग जे व्हायचं ते एकदा झालंच. इंगळ्यांच्या मुलीच्या पत्रिकेत मागच्या कुणाच्या तरी लग्नातले तुकाराममामा तसेच राहिले. पत्रिका छापून, वाटून झाल्या, आणि मग घरात लक्षात आलं की हे मामा आपले नव्हेत. इंगळे हातात पत्रिका घेऊन आले. मी माझ्या दाराशी येऊन उभा राहिलो. खरं सांगतो, आता बाकावरून आवाज चढेल याची मी वाट बघत होतो. पण पंजाबभाऊंनी पत्रिका वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "पोरीले मामा हाये का?" नव्हता. होता तो ती लहान असतानाच वारला होता. "मंग हे नाव खोडता काऊन?" असं म्हणून ते उठले, दुकान बंद केलं, आणि जीप पकडून थेट तुकाराममामांच्या गावी गेले. त्या गृहस्थाला सांगितलं, "तुमचं नाव छापून आलं हाये, आता चाला." आणि तो भला माणूस आला की हो! डोक्याला फेटा, हातात भाचीसाठी लुगडं. बोहल्यावर नवरीच्या मागे मामा म्हणून तोच उभा राहिला. पुढे ती मुलगी दिवाळीला त्याच्याकडे जायची, असं ऐकलं.

आता माझी चूक ऐका. मी एका पत्रिकेत नवरदेवाच्या आजोबांच्या नावापुढे चुकून 'कै.' घातलं. म्हातारा स्वतः काठी टेकत दुकानात आला. नव्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मी मेलो का बे?" मी हात जोडले, सगळ्या पत्रिका पुन्हा छापून देतो म्हटलं, दिल्याही. ती गोष्ट मात्र वर्षभर बाजारात चघळली गेली. आणि म्हातारा माझ्याकडून उठला तो रस्ता ओलांडून चहाला पंजाबभाऊंकडे गेला. त्यांच्या चुकीनं एका पोरीला मामा मिळाला आणि माझ्या चुकीनं एक जिवंत माणूस मेला. जळू नको तर काय करू?

यावर कळस माझ्या सासऱ्यांनी केला. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडची पत्रिका मुलीकडचे छापणार, हे रीतीनंच होतं. सासरे पिंपळगाव राजाचे. जावयाचं छपाईचं दुकान आहे, तिथेच करून घेऊ, अशा विचारानं ते धाडला आले. बसमधून उतरून, जावयाचंच नाव ऐकायला मिळेल म्हणून, त्यांनी विचारलं, "इथं पत्रिका कोणाकडं चांगली करून भेटते?" ज्याला विचारलं त्यानं पंजाबभाऊंच्या बाकापर्यंत आणून सोडलं. सासरे बसले, चहा प्यायले, मामापासून सुरुवात झाली. नवरदेवाचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा कुठे पंजाबभाऊंना उमगलं. ते तिथूनच ओरडले, "सुध्या, तुझी पत्रिका करून राह्यलो! येतं का पाह्यले?" बाकावरच्या सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या बाकानं माझ्याकडे तोंड केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. सासऱ्यांनी पत्रिका तिथेच केली. बायकोनं ती अजून जपून ठेवली आहे, आणि वर म्हणते, "काही म्हणा, पण मजकूर किती गोड आहे!"

तर अशा माणसाचं मशीन एकदा ऐन लग्नसराईत जळलं.

बाजाराचा दिवस होता. लाईट गेलेली होती ती परत आली, पण अशी जोरात आली की रस्त्यावरच्या दुकानांतले बल्ब एकदम पांढरे झाले. माझं मशीन बंद होतं. पंजाबभाऊ बटण तसंच ठेवून गिऱ्हाइकाशी बोलत बसले होते. जळका वास माझ्यापर्यंत आला. माझ्या मनात जे आलं ते असं : बरं झालं. बुलडाण्याहून मेकॅनिक यायला वेळ लागणार, सराई कुणासाठी थांबणार नाही, आणि गावात चालू मशीन आता एकच. मी खुर्च्या पुसल्या. पंखा लावला.

कुणी आलं नाही. विश्वास बसणार नाही, पण एकही माणूस रस्ता ओलांडून आला नाही. उलट पंजाबभाऊंच्या बाकावर रोजच्यापेक्षा जास्त गर्दी. ज्यांच्या पत्रिका अडल्या होत्या ते तर आलेच, ज्यांच्या घरी लग्न नव्हतं तेही आले. मशीनला भेटायला यावं तसे. कुणीतरी विचारत होतं, "आता कसं हाये?" आणि पंजाबभाऊ मान हलवून सांगत होते, "बोर्डच गेला म्हनते."

मेकॅनिक नवा मदरबोर्ड पिशवीत घालून एसटीनं आला. त्यानं तो बसवला, तारा जोडल्या, बटण दाबलं. पडदा उजळला, बाकावरच्यांनी हुश्श केलं, आणि पडदा निळा होऊन मशीन आपोआप बंद पडलं. परत सुरू झालं, परत बंद. कितीदा दाबलं तरी तेच. मेकॅनिक म्हणाला, "बोर्ड बदलला ना. हार्डडिस्कवरची सिस्टिम जुन्या बोर्डासोबत बसवलेली आहे, तिला नवा बोर्ड ओळखू येत नाही. सगळी सिस्टिम पुसून नव्यानं टाकावी लागेल." पण त्याची बुलडाण्याची गाडी निघत होती. चार दिवसांनी येतो म्हणाला आणि सीडी टेबलावर ठेवून गेला.

बाकावर वानखडे गुरुजी बसले होते. त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, पत्रिका अर्धी झालेली आणि ती त्या हार्डडिस्कमध्ये अडकलेली. गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पंजाबभाऊंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग रस्त्यापलीकडे माझ्याकडे.

"सुध्या, ये ना बे इकडं."

मी गेलो. का गेलो ते तेव्हा माझं मलाच कळलं नाही. आधी त्यांची हार्डडिस्क काढली, त्यांच्याच पंच्यात गुंडाळून माझ्या दुकानात नेली, माझ्या मशीनला जोडली. म्हटलं, पुसण्याआधी यांच्या सगळ्या फायली काढून ठेवू. काढायला होतं काय? 'लग्न'. एवढ्या वर्षांचा धंदा, आणि एक फाईल. ती घेतली, डिस्क परत आणून बसवली, सीडी घातली, जुनं सगळं पुसलं आणि नवी सिस्टिम टाकायला लावली. पडद्यावर निळी पट्टी हळूहळू सरकू लागली. ती अर्ध्यावर आली आणि लाईट गेली.

"आता?" पंजाबभाऊ म्हणाले.

"आता लाईट आली की पुन्हा पहिल्यापासून."

"मंग चाल बाहेर. आत काय करतं उबाऱ्यात?"

आणि मी त्या बाकावर बसलो. इतकी वर्षं ज्याच्या पाठी पाहिल्या त्या बाकावर. गुरुजी जेवायला घरी गेले होते. दुसरं कुणी नव्हतं. पंजाबभाऊ शेजारी बसले, चहा सांगितला आणि म्हणाले, "तुझे बाबा काऊन बोलत नाई रे तुझ्यासंगं?"

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही अर्धंच माहीत होतं. वडिलांना मी नोकरीत हवा होतो; परीक्षा देऊन देऊन मी थकलो आणि दुकान टाकलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या दुकानात पाऊल ठेवलं नव्हतं. मी बोलत सुटलो. पंजाबभाऊंनी मधे एक शब्द टाकला नाही. सल्ला दिला नाही, बाबांची बाजू घेतली नाही, माझीही घेतली नाही. मांडीवर हात ठेवून, मान थोडी तिरकी करून ऐकत राहिले, जणू त्यांना जगात दुसरं काही कामच नव्हतं. मला माहीत होतं की त्यांचं मशीन मेलेलं आहे, सराई चालली आहे, गुरुजींची पत्रिका अडली आहे. त्यांच्या चेहऱ्यावर यातलं काहीच नव्हतं. तिथे फक्त मी होतो.

तेवढ्यात कुणीतरी सायकलवरून आलं आणि म्हणालं, "भाऊ, पत्रिकेचं सांगाचं होतं." पंजाबभाऊ लगेच तिकडे वळले. "बस बस. मामा कोण?" मला त्या सायकलवाल्याचा इतका राग आला की मी उठून आत गेलो आणि मेलेल्या पडद्यासमोर बसून राहिलो.

लाईट आल्यावर सगळं पहिल्यापासून केलं. सिस्टिम बसली. अक्षरं आधी बटाट्याएवढी दिसत होती. बोर्डासोबत आलेली सीडी घालून ती ठीक केली. प्रिंटर जोडला. मग 'लग्न' उघडली, तर पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला. ते व्हायचंच होतं. सिस्टिम पुसली तेव्हा मराठी फॉन्टही पुसला गेला होता.

"फॉन्टच्या फ्लॉप्या कुठे आहेत?" मी विचारलं.

पंजाबभाऊंनी देवाच्या फळीवरून एक डबी काढली. उघडून पाहतो तर प्रत्येक फ्लॉपीला हळदकुंकू. दसऱ्याला हत्यारांची पूजा करताना त्यांनी फ्लॉप्यांचीही केली होती, आणि ती वरवर नाही. पत्र्याची झडप सरकवून आतल्या चकतीलाही कुंकू लावलं होतं. "जे काम करते ते आतच असते ना बे," ते म्हणाले. एकही फ्लॉपी चालली नाही.

माझ्याकडे फॉन्ट होता. पण तो साधा नव्हता. अकोल्याहून आणलेला, वेलांटीला छान वळण असलेला, धाडमध्ये फक्त माझ्याकडे असलेला. लोक त्याला 'सुधाकरचं अक्षर' म्हणायचे. पंजाबभाऊंकडे गर्दी होती, बाक होता, मामा होते. माझ्याकडे ते अक्षर होतं, बाकी काही नव्हतं. तेवढ्याच्या जोरावर माझं शटर अजून वर जात होतं.

"तुझंच टाक ना," पंजाबभाऊ सहज म्हणाले, मीठ मागावं तसं. "गुरुजीच्या पोरीचं नाव त्या अक्षरात गोड दिसन."

नाही म्हणता आलं असतं. पण मी रस्ता ओलांडून गेलो, माझी फ्लॉपी आणली आणि त्यांच्या मशीनमध्ये घातली. गुरुजींसाठी नाही, माणुसकी म्हणूनही नाही. त्या दुपारी त्यांनी माझं ऐकलं होतं, म्हणून. मला पुन्हा तसं ऐकून घ्यायचं होतं. दुसरं कारण नाही.

जुनी फाईल माझ्या अक्षरात वाचता येईना, म्हणून मी त्यांच्या खुर्चीवर बसलो आणि गुरुजींची पत्रिका नव्यानं टाईप केली. पंजाबभाऊ मागे उभे राहून सांगत होते. वर बुद्धाचं चित्र, खाली 'मंगल परिणय', मग मुलीचं नाव. संध्याकाळी पहिली प्रत निघाली. गुरुजींनी ती लांब धरून पाहिली आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"पंजाबभाऊ, काय अक्षर आणलं हो तुमी!"

"मी नाई आणलं. सुध्याचं हाये," पंजाबभाऊ म्हणाले. "मशीनबी त्यानंच नीट केलं. मी तं नुसता चहा पाजला."

झालं. दुसऱ्या दिवशी बाजारभर एकच बोलणं : पंजाबभाऊचं मन पाहा केवढं मोठं, समोरच्या दुकानवाल्याचं नाव घेते! मशीन मी दुरुस्त केलं, अक्षर माझं गेलं, आणि मोठं मन त्यांचं ठरलं. मी डोक्याला हात लावला. ते खरं बोलले तरी माझं काही उरत नव्हतं. पुढच्या सराईला गावातल्या निम्म्या पत्रिका माझ्या अक्षरात निघाल्या, रस्त्याच्या पलीकडून.

तरी मी दुकान बंद केलं नाही. कसं चालवलं ते माझं मला माहीत. दुपारी लाईट गेली की मी काहीतरी निमित्त काढून पलीकडे जाऊ लागलो. कधी जागा मिळे, कधी नाही. बाकावर कुणी ना कुणी असायचंच.

काही वर्षांनी पंजाबभाऊंच्या डोळ्यांना पडदा सोसेनासा झाला. मुलगी सोनाळ्याला दिलेली होती. माझ्याकडे येऊन राहा म्हणून तिनं हट्टच धरला. त्यांनी मशीन विकलं, दुकान सोडलं. म्हणजे धाडमध्ये पत्रिका करणारा आता मी एकटा. ज्याच्यासाठी इतकी वर्षं जळलो ते असं आयतं माझ्या पदरात पडलं. निरोपाला बसस्टँडवर निम्मं गाव आलं होतं, आणि जो तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत होता, "आता तुमचीच मजा, सुधाकरभाऊ." पंजाबभाऊसुद्धा एकेकाला सांगत होते, "आता याच्याकडं जाजा. पोरगं गुणाचं हाये." सांगताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि बोलणं दुसऱ्याशी चाललं होतं. मला त्यांच्याशी एक मिनिट बोलायचं होतं. बाबा परवा दुकानात येऊन बसून गेले, हे त्यांना सांगायचं होतं. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि ते गाडीत चढले.

मी बसच्या दुसऱ्या बाजूला धावलो, त्यांची खिडकी होती तिकडे. शेजारच्या सीटवर एक अनोळखी माणूस बसला होता, मांडीवर गाठोडं घेऊन. बस सुटायच्या आत त्याचं बोलणं सुरू झालं होतं. हातवारे करून तो काहीतरी सांगत होता आणि पंजाबभाऊ त्याच्याकडे वळून, मान तिरकी करून, ऐकत होते. "पंजाबभाऊ!" मी हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही. गाडी वळून बुलडाण्याच्या रस्त्याला लागली. अख्खं धाड आता माझं होतं, आणि मी त्या गाठोडंवाल्यावर जळत स्टँडवर उभा होतो.